भीमसिंग ढाडीचे एक्कावन पॉइंट

ढाडीचं बोलणं दहानं भागून ऐकायचं असते, हे आमच्या इकडं तांड्यावरच्या लहान पोट्ट्यालेही ठाऊक आहे.

ढाडी म्हणजे गोर बंजाऱ्याईचे भाट. लग्न असो का नवस, ढाडी सारंगी घेऊन यजमानाच्या दारात बसते अन् त्याच्या पिढ्या म्हणून दाखवते. कोणाचा पणजा कोण, त्याचा तांडा कुठून उठला अन् कुठं उतरला, मीठ अन् धान्य वाहाले त्याच्याकडं बैल किती होते. पणज्याचे खरेखुरे पन्नास बैल असले तं ढाडीनं पाचशे म्हणायचे. यजमानानं मान डोलवायची अन् मनातल्या मनात दहानं भागायचं. यात कोणी फसवत नाही अन् कोणी फसत नाही. पाचशे म्हणणं हा यजमानाचा मान. उलट पन्नासचे पन्नासच सांगितले तं घोटाळा होते. लोक पाच समजतात.

भीमसिंगच्या घराण्यात दुसरा एक नेम होता, तो याच्याहून कडक. ढाडीनं जगाचं गावं, आपलं गाऊ नये. ज्यानं आपलं गायलं त्याच्या गाण्यातले बाकीचे सारे बैल खोटे ठरतात, असं त्याचा बाप रामधन म्हणे.

या दोन नेमाच्या मधात भीमसिंगची जिंदगी अडकली.

आर्णीहून पुढं गेलं का धावजी नाईक तांडा लागते. भीमसिंग तिथला. साठी उलटून गेली. उंची सहा फूट चार इंच. जुन्या झोपडीच्या दारात त्याले इतकं वाकावं लागे का पाहुण्याले वाटे, हा पाया पडून राह्यला. आता घरकुल झालं, दार उंच झालं, तरी तो दाराजवळ आला का वाकतेच. बायको मानीबाई पाच-सहा वर्षांखाली गेली. एकुलता पोरगा बादल हैदराबादेत क्रेन चालवते. सारंगीले त्यानं हात लावला नाही, अन् लावून तरी काय करणार होता? लग्नात आता डीजे वाजते. डीजेले कोणाचा पणजा लागत नाही.

तांड्यावर पाण्याची टाकी आहे. तिच्या एका खांबाले भीमसिंगनं लोखंडी रिंग ठोकलेली आहे. कापसाच्या गठाणीले जी पट्टी असते ना, तीच वाकवून केलेली. खाली जागा साफ ठेवते. पोट्टे तिकडं पडीत वावरात क्रिकेट खेळतात. रिंगच्या खांबाले दिवसा कोणाची तरी बकरी बांधलेली असते. संध्याकाळी भीमसिंग येते, बकरी सोडून बाजूच्या खांबाले बांधते, अन् एकटाच बॉल टाकत राह्यते. बॉल रिंगमधून पडला का तोच आणाले जाते. आणते, परत टाकते.

तांड्याचा नायक पूनमसिंग. वयानं याच्याच बरोबरीचा, तोंडानं फाटका, मनानं वाईट नाही. टाकीजवळच्या दगडावर तंबाखू मळत बसे अन् विचारे,

"भीमा, आज कोनाच्या पिढ्या?"

"चेंबरलेनच्या."

"कोनत्या तांड्याचा?"

"फिलाडेल्फियाच्या. अमेरिकेत हाये. एका म्याचमंदी शंभर पॉइंट केले त्यानं. एकट्यानं."

"म्हंजे धा."

"शंभर, नायक. बासष्ट साली. अजून कोनी मोडले नाई."

"फिलिम हाये?"

"फिलिम नाई. त्या रोजी टीवीवाले आलेच नाई. पन फोटू हाये. शंभर लिवलेला कागद हातात धरून बसला हाये."

"पाह्य!" पूनमसिंग आजूबाजूच्याईले दाखवे. "फिलिम नाई, अन् कागद धरला तो आपल्याच हातानं. बाप्पा, मंग धा बी जास्तच होतात."

सारे हासत. भीमसिंग पण हासे. मग सांगे का वॉशिंग्टनच्या टीममंदी एक माणूस सात फूट सात इंचाचा होता, मनूट बोल नावाचा, सुदान देशातला, लहानपणी घरच्या गाई राखणारा. अन् त्याच टीममंदी, त्याच साली, मगसी बोग्ज म्हणून एक पाच फूट तीन इंचाचा होता. दोघं एकाच बाकड्यावर बसत.

पूनमसिंग बोटावर हिशेब करे. "दोघाईले मिसयवून दोनानं भागलं का तुह्याएवढा एक माणूस होते. गाई राखे म्हंतो ते मातर खरं असन."

खोटं काहीच नव्हतं. भीमसिंगनं पणज्याईचे बैल आयुष्यभर फुगवले, पण या खेळातला एक इंच त्यानं कधी वाढवला नाही. अन् लोकाईनं बैल भागून का होईना मानले, हे मानलंच नाही.

हे सारं त्याच्याकडं आलं ते नीळकंठभाऊकडून.

एक्याऐंशी साल असन. भीमसिंग यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये हंगामाले कापूस वाहत होता. जिनिंगच्या भिंतीमागं मैदान, मैदानावर बास्केटबॉल. एक दिवस बॉल भिंतीवरून इकडं पडला. नीळकंठ पांढरीपांडे तवा कॉलेजात; बाप कलेक्टर कचेरीत, आजा कचेरीत, घरच सारं कचेरीतलं. तो बॉल मागाले भिंतीजवळ आला. त्याच्या सांगण्याप्रमाणं, भिंतीवरून आधी बॉल धरलेला हात दिसला अन् माणूस मागून दिसला.

"कशावर उभा आहेस रे?" नीळकंठनं विचारलं.

"जमिनीवर," भीमसिंग म्हणे.

तिथून दोस्ती. जिनिंगचं काम सुटलं का भीमसिंग मैदानावर. नीळकंठचा मावसभाऊ नागपूरले राहे, तो अमेरिकेची जुनी मासिकं रद्दीतून आणून देई. नीळकंठ इंग्रजीत वाचे अन् मराठीत सांगे. मैदानाच्या पायऱ्यावर दोघं शेंगा खात बसत. भीमसिंगले वाचता येई जेमतेम, पण ढाडीचा कान तो. एकदा ऐकलं का पक्कं. फक्त एक अडचण. प्रत्येक खेळाडूचं नाव आलं का तो विचारे, "त्याच्या बापाचं नाव काय?"

"मला काय माहीत त्याच्या बापाचं नाव?"

"मंग पिढी कशी लावाची?"

शेवटी त्यानं आपल्या परीनं लावल्या. टीम म्हणजे गोत. बोस्टनच्या गोताचा रसेल, तेरा साल खेळला अन् अकरा खेपा जिंकला. तिकडं फायनल जिंकली का अंगठी भेटते; बोटं दहा, अंगठ्या अकरा. त्याच्यासमोर उभा राह्यला चेंबरलेन. त्याईच्या मागून करीम, डोक्यावरून गोल हात फिरवून बॉल टाके, तो हात कोणाले अडवता आला नाही. करीमचे अडतीस हजारावर पॉइंट झाले, ते पुढं एवढी वर्षं तसेच राह्यले का नीळकंठभाऊले नातू झाला तवा कुठं लेब्रॉननं त्याले मागं टाकलं. लेकर्सची गोष्ट भीमसिंगले सगळ्यात आवडे. त्या टीमचं नाव तळ्याईवरून पडलं, कारण तिचं पह्यलं गाव तळ्याईचं. मग टीमच तिथून उठली अन् दूर समुद्रकाठच्या शहरात उतरली, जिथं तळं नाही. नाव तेच ठेवलं.

"हे तं आमचंच झालं," भीमसिंग म्हणे. "तांडा उठते, नाव उठत नाई."

अन् ज्या मास्तरनं हा खेळ काढला, त्या नेस्मिथनं फळाच्या टोपल्या लटकवल्या होत्या, त्याईचं बूड काढाचं सुचलंच नाही. बॉल पडला का कोणी शिडीवर चढून काढे. पुढं तोच एका कॉलेजच्या टीमचा कोच झाला अन् जिंकला कमी, हारला जास्त. हे सांगताना भीमसिंग दर खेपी थांबे अन् मान हालवे. त्याले ते पटे.

नीळकंठ स्वतः उंचीनं साधारण, अंगानं काडी. तो पास दे. बॉल कुठं जाणार हे त्याच्या डोळ्यात कधी दिसे नाही. पुढं जॉन स्टॉकटनचं नाव आलं, जगात सगळ्यात जास्त पास ज्याचे कामी आले तो, तवापासून भीमसिंग नीळकंठभाऊले यवतमाळचा स्टॉकटन म्हणे.

मग त्र्याऐंशी साल, अकोला, जिल्ह्याजिल्ह्याचे सामने. ते पुढं सांगतो.

त्या सामन्यानंतर पोलीस खात्याच्या एका कोचनं भीमसिंगले नागपूरले बोलावलं. उंच पोट्टे पाह्यजेत, खेळ दाखव, नोकरी लागन. नेमक्या त्याच हप्त्यात रामधनचा गळा बसला अन् उमरखेडकडच्या यजमानाघरी लग्न निघालं. पिढ्या कोण म्हणणार? भीमसिंग सारंगी घेऊन उमरखेडले गेला. परत आला तं नागपूरची भरती होऊन गेलती. मी एकदा त्याले विचारलं, वाईट वाटलं असन? म्हणे, "जेवन चांगलं होतं तिथचं." दोन सालानं गुडघा गेला, खेळ संपला.

नीळकंठभाऊ पाटबंधारे खात्यात लागले. दर जानेवारीत यवतमाळच्या मैदानावर ते सामने भरवत. माइकवर बोलाले त्याईनं भीमसिंगले बोलावलं ते कायमचं. टीम मैदानात उतरली का भीमसिंग पिढ्या सुरू करे. हा दारव्ह्याचा पोरगा, याचा हात करीमच्या घराण्यातला. हा वणीचा, बुटका आहे, पण बोग्जच्या गोताचा आहे, सांभाळून राह्यजा. पोट्ट्याईची छाती फुगे. लोक खेळ पाह्याले कमी अन् ऐकाले जास्त येत. वर्षाचे बाकीचे दिवस ज्याले कोणी दारात बोलवे नाही, तो माणूस त्या तीन दिवसात राजा असे.

अन् फायनलच्या आधी नीळकंठभाऊ माइक आपल्या हातात घेत. मी यवतमाळचा, मी स्वतः उभं राहून ऐकलेलं आहे.

"मंडळी, हा माइकवाला जो आहे ना, हा सगळ्यांचं सांगतो, स्वतःचं सांगत नाही. त्यांच्यात तसा नेम आहे. म्हणून मी सांगतो. त्र्याऐंशी साल, अकोला. समोर नागपूर. त्यांचे सगळ्यांचे एकसारखे बूट. आमचा भीमसिंग अनवाणी, कारण याच्या मापाचा बूट यवतमाळात नव्हता अन् अमरावतीतही नव्हता. पहिली पाच मिनिटं ते याच्या पायांकडे बघून हसत होते. मग हसणं थांबलं. मग याच्या अंगावर दोन माणसं घातली, मग तीन. याने एकट्याने एक्कावन्न पॉइंट केले! लांबून टाकला की तीन पॉइंट देणारा पट्टा तेव्हा नव्हता बरं का. दोन-दोन अन् एक-एक करून एक्कावन्न. तो स्कोअरचा कागद कुठे गेला, देव जाणे. पण मी होतो. मी ते मोजले नाहीत, मी ते दिले."

लोक टाळ्या वाजवत. भीमसिंग तितका वेळ खाली पाहत उभा राहे. वर्षातून ती दोन मिनिटं. नेम मोडे नाही अन् गोष्टही सांगून होई.

पण ते यवतमाळात. तांड्यावर कोणी ते ऐकलं नाही. तांड्यावर एवढंच माहीत होतं का भीमा शहरात कायतरी बॉल खेळे अन् कोणी म्हणते एक्कावन. पूनमसिंग लगेच म्हणे, "पाच. लय झाले तं पाच."

एकदा भीमसिंग चिडला. "नीळकंठभाऊले विचार."

"आन तुह्या भाऊले इथं," पूनमसिंग म्हणे. "या टाकीखाली उभं राहून त्यानं सांगतलं तं मी भागनार नाई. सेवालाल महाराजाची आन. एक्कावनचे एक्कावन धरीन, अन् साऱ्या तांड्याले धराले लावीन."

भीमसिंगनं निरोप दिला. नीळकंठभाऊ म्हणाले, या होळीला येतो. होळी गोर लोकाईची मोठी, सारा तांडा जमते. त्या होळीले ऑफिसचं ऑडिट निघालं. पुढच्या होळीले घरी बायको आजारी. मग बायको गेली. मग त्याईचेच गुडघे. फोन मातर दर आठ-पंधरा दिवसानं. पंजाबातल्या खेड्यातला सतनाम सिंग अमेरिकेतल्या डलासच्या टीमनं निवडला, भारतातला पह्यला, तवा नीळकंठभाऊनं फोन करून ओरडून सांगितलं. भीमसिंग टाकीखाली आला अन् ज्याले त्याले सांगत सुटला. पूनमसिंग म्हणे, "सरदार हाये तं असन उंच."

"या होळीला नक्की" असं नीळकंठभाऊ मागच्या दसऱ्याले म्हणाले होते. दिवाळीत त्याईले लकवा झाला. उजवं अंग गेलं अन् वाचा गेली.

जानेवारीत सामने झाले. भरवणारे नवे होते. भीमसिंगले निरोप आला नाही. तो आपल्या मनानं गेला, सदरा इस्त्री करून. पायऱ्यावर बसला. माइकवाला फोनमध्ये पाहून बोले, आडनाव अन् नंबर, आडनाव अन् नंबर. मधात गाणं लावे. फायनलच्या आधी भीमसिंग उभा राह्यला, सवयीनं. मागचे लोक म्हणाले, "ओ काका, बसा ना, दिसून नाई राह्यलं." तो बसला.

मार्चात स्वानंदचा फोन आला, नीळकंठभाऊचा पोरगा. पुण्याले असते. "काका, बाबांना उद्या पुण्याला नेतोय. इथलं घर बंदच करतोय. भेटायचं असेल तर आज या."

पूनमसिंगले यवतमाळात फवारणीच्या पंपाचं सामान घ्यायचं होतं. म्हणे, बस मागं. भीमसिंग मोटरसायकलवर बसला तं त्याचे पाय जमिनीले लागत. वाटेत वावरं मोकळी, पऱ्हाटी उपटून बांधावर टाकलेली. अर्ध्या वाटेत भीमसिंगनं गाडी थांबवाले लावली.

"नायक, एक कबूल कर. तिथं त्याईले काई विचाराचं नाई. आजारी माणसाची साक्ष काढाची नाई."

"म्या कायले विचारू?"

"मान हालव म्हनशीन, बोट दाखव म्हनशीन. नको."

पूनमसिंगनं त्याच्याकडं पाह्यलं. "बरं गा. नाई विचारत."

घरात बॅगा भरून ठेवलेल्या. नवं कुलूप टेबलावर, किल्ल्या त्यालेच लागलेल्या. नीळकंठभाऊ खिडकीजवळच्या खाटेवर, मागं उशा देऊन बसवलेले. डावा हात पांघरुणावर होता, तोच काय तो चाले. भीमसिंगले पाह्यलं अन् डोळे एकदम ओले झाले, पण ते अलीकडं कोणालेही पाहून होतात, असं सून मिताली म्हणाली. तिनं दोघाईले चहा दिला. भीमसिंग खाटेजवळ खुर्चीवर बसला. त्याच्या मागं स्टुलावर पाण्याचा तांब्या अन् पेला. पूनमसिंग स्टुलाजवळ, भिंतीले टेकून.

"काका, तुम्ही ते अमेरिकन खेळाडूंचं सांगायचात ना माइकवरून?" स्वानंद म्हणाला. "मी लहान होतो. मला खेळात कधी रस नव्हता, मी भेळेच्या गाडीवर असायचो."

"हो," भीमसिंग म्हणे. "तेच."

आजाऱ्याजवळ बसणारे लोक जसे पंख्याकडं पाहतात तसे सारे पाहत होते. नीळकंठभाऊचे डोळे भीमसिंगवरून हालत नव्हते. त्याईचं तोंड उघडे अन् मिटे.

भीमसिंगनं कप खाली ठेवला. सारंगी नव्हती आणलेली. गळा साफ केला अन् साध्या आवाजात बोलाले लागला.

"नीळकंठ पांढरीपांडे, गोत यवतमाळ. बाप कचेरीत, आजा कचेरीत. ह्यानं कागद सोडून बॉल धरला. त्र्याऐंशी साल, अकोला, समोर नागपूर. पह्यला पास दिला तो पाठीमागून. ज्याले दिला त्यालेच समजलं नाई, हातात आला तवा समजलं. दुसरा जमिनीवर आपटून, दोन माणसाच्या पायामधून. नागपूरवाले उंच माणसाकडं पाहत राह्यले, ह्याच्याकडं कोनी पाह्यलंच नाई. ह्याच्या नाकावर कोपर बसलं, रगत आलं, बाहीले पुसलं अन् पास दिला. अंगावर दोन आले तं डोक्यावरून दिला, तीन आले तं वाट पाह्यली अन् मंग दिला. कधी ओरडला नाई, कधी हात वर केला नाई. म्याच संपली तवा ह्याच्या पासावर एकट्या माणसाचे एक्कावन पॉइंट झालते. कागदावर ह्याचं नाव नाई. पास देनाऱ्याचं नाव तवा कोनी लिवत नसे. म्या पाह्यलं हाये. स्टॉकटन मागून आला. ह्यो आधी होता."

मिताली दारात उभी राह्यली होती. पूनमसिंगचा चहा हातातच थंड झाला.

"बाबा असे खेळायचे?" स्वानंद म्हणाला. "आम्हाला कधी बोलले नाहीत." मग म्हणाला, "आणि बास्केट कोण करत होतं? ते एक्कावन्न कोणाचे?"

भीमसिंगनं खाली पाह्यलं. मैदानावर पाहे तसंच.

"होता एक पोट्टा," तो म्हणे.

तवा नीळकंठभाऊचा डावा हात पांघरुणावरून उठला. हळूहळू वर आला. एक बोट सरळ झालं, भीमसिंगच्या छातीकडं. ते तसंच धरून राह्यले. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या.

"पाणी," स्वानंद म्हणाला. "पाणी हवंय बाबांना."

स्टूल भीमसिंगच्या बरोबर मागं होतं. पूनमसिंग जवळ होता, तोच उठला. पेला भरला, भीमसिंगच्या खांद्यावरून पुढं दिला. स्वानंदनं बापाच्या मानेखाली हात घालून पाणी पाजलं. अर्धं हनुवटीवरून ओघळलं, मितालीनं टिपलं. हात पुन्हा उठाले लागला. स्वानंदनं तो हळूच धरला अन् पांघरुणाखाली घातला.

"दमलेत," तो म्हणाला. "थोडं पडू देऊ या."

भीमसिंग उठला. नीळकंठभाऊच्या पायाले हात लावला. नीळकंठभाऊनं डोळे मिटले होते. दारातून बाहेर पडताना भीमसिंग वाकला. ते दार चांगलं सात फूट होतं.

बाजारात पूनमसिंगनं पंपाचं सामान घेतलं. दोघं वापस निघाले. मग पूनमसिंगनं मान मागं वळवून आवाज दिला, हवेमुळं ओरडूनच बोलावं लागे.

"मानूस भारी हाये गा तुहा भाऊ!"

"हाये."

"नाकातून रगत, अन् पास देऊन राह्यला! म्या नाई भागलं पाह्य. आजाऱ्याच्या खाटीजवळ बसून ढाडी फुगवत नाई, येवढं मले समजते."

पूनमसिंगनं गाडी हळू केली.

"पन भीमा, एक सांग. तू त्याच्यात कुठं होता?"

समोरून कापसाचा ट्रक गेला.

"होतो तिथंच."

"म्हंजे एक्कावन त्या पोट्ट्याचे, तू पाह्याले गेलता."

"हो," भीमसिंग म्हणे. "पाह्याले."

होळीले तांडा जमला. बादल आला नव्हता, क्रेनचं काम सुरू होतं म्हणे. टाकीखाली सारे बसलेले, तवा पूनमसिंगनं गोष्ट काढली. यवतमाळच्या एका भाऊची. त्यानं हात हालवून, नाक पुसून, असे असे पास करून दाखवले. लेकरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. पूनमसिंग सांगणारा चांगला, हे मान्य केलं पाह्यजे.

"अन् म्याच संपली तवा त्याच्या पासावर एका मानसाचे एक्कावन पॉइंट! एक्कावनचे एक्कावन. कोनी भागाचं नाई, म्या सांगून राह्यलो."

कोणी भागलं नाही. साऱ्या तांड्यानं एक्कावन मानले. ते कोणी केले, हे मातर कोणी विचारलं नाही. गोष्ट भाऊची होती.

भीमसिंग खांबाले टेकून ऐकत होता. गोष्ट संपली, लोक पंगतीकडं निघाले. तो उठला, रिंगच्या खांबाची बकरी सोडून बाजूच्या खांबाले बांधली. बॉल काही आणला नाही. घराकडं गेला अन् दारात वाकला.